पाय वाटले किती, बसले किती?

३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन येतो आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. याच दिवसांत गावोगावी कृत्रिम अवयव वाटपाची शिबिरे भरतात. मांडव पडतो, हारतुरे होतात, व्यासपीठावर मंत्री-आमदार बसतात आणि समोर पाय गमावलेली माणसे रांगेने बसवली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्याखाली आकडा असतो, इतक्या गरजूंना पायांचे वाटप. हा आकडा आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यातल्या किती पायांवर माणसे सहा महिन्यांनंतर चालत होती, हा आकडा मात्र आमच्या वाचनात कधी आलेला नाही.

हा प्रश्न आंबेडकरी चळवळीचा कसा, असे कोणी विचारील. पाय कोणाचे जातात ते पाहा. खडी क्रशरच्या पट्ट्यात, मळणी यंत्रात, रेल्वेच्या रुळांवर, उसाच्या गाडीखाली पाय जातात ते हातावर पोट असणाऱ्यांचे. मधुमेहाची जखम वेळेवर दाखवायला पैसा आणि सुटी नसते, तेव्हा बोटावरची जखम पायावर जाते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला खिळा लागलेला कळत नाही. ज्यांचे जगणे पायांवरच्या कष्टावर चालते त्यांचेच पाय जातात, आणि त्यांच्याच वाट्याला शिबिरातला पाय येतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बौद्ध बांधवाचे प्रकरण आमच्याकडे आले. क्रशरच्या पट्ट्यात पाय सापडला आणि तो गुडघ्याखाली कापावा लागला. एका शिबिरात त्यांना कृत्रिम पाय मिळाला. सकाळी माप, संध्याकाळी पाय. आनंदाने घरी आले. तीन आठवड्यांत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जखम झाली. पाय घातला की रक्त येई. शेवटी पाय पत्र्याच्या पेटीमागे गेला आणि काखेत पुन्हा कुबडी आली.

नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांना विचारले, "तुम्हाला कृत्रिम पाय मिळाला आहे, हे खरे आहे का?" ते म्हणाले, "मिळाला साहेब. पण तो माझ्या मापाचा नाही." कागदावर उतरले ते एवढेच, 'मला कृत्रिम पाय मिळाला आहे हे खरे आहे.' पुढचे वाक्य नोंदले गेले नाही, आणि ते नोंदवून घ्या असे आम्हीही म्हटले नाही. फेरतपासणीची संधी होती, ती आम्ही सोडली. कारण पाय मिळाला म्हणजे माणूस चालू लागला, असेच आम्हीही धरून चाललो होतो. ज्या व्यवस्थेविरुद्ध आम्ही लिहितो, तिचा आकडा आमच्याही डोक्यात बसलेला होता.

यातला विरोधाभास पुढे आमच्या ध्यानात आला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात गुडघ्याखाली कापलेल्या पायाचा उरलेला भाग ८.८९ सेंटीमीटरपेक्षा जास्त आहे की १२.७० सेंटीमीटरपेक्षा, असे दोन दशांशांपर्यंत मोजमाप दिलेले होते. साडेतीन इंच आणि पाच इंच यांचे ते रूपांतर. गरिबाच्या तुटलेल्या पायाची किंमत ठरवताना कायदा मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा मोजतो. त्याच पायाला बसवायच्या वस्तूचे माप बरोबर आले की नाही, हे कोण मोजतो?

ती चूक सुधारायची म्हणून आम्ही एका कृत्रिम अवयव केंद्राच्या कार्यशाळेत जाऊन बसलो. तेथे जे पाहिले आणि नंतर वाचले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

कृत्रिम पाय म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पाऊल येते. पण माणूस चालतो तो सॉकेटच्या जोरावर. कापल्यानंतर उरलेला पाय ज्या पोकळ नळकांड्यात शिरतो ते सॉकेट. सगळ्या शरीराचा भार याच जागी हाडामांसावरून यंत्रावर उतरतो. पाऊल थोडे कमी-जास्त चांगले असले तर माणूस लंगडत का होईना चालतो. सॉकेट चुकले तर तो पाय काढून ठेवतो.

आणि हा भार सगळीकडे सारखा घेता येत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध दाब सोसतो. नडगीच्या हाडाची आतली उतरती बाजू सोसते, पोटरीचे मांस सोसते. पण नडगीची धार, कापलेल्या हाडाचे टोक आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारी हाडाची गाठ यांना दाब मुळीच सोसत नाही. म्हणून आधी उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवून या जागा न पुसणाऱ्या पेन्सिलीने खुणावतात. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात. साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती काढतात. मग खरे काम सुरू होते. जेथे दाब सोसतो तेथे कानशीने प्लास्टर खरवडायचे, जेथे सोसत नाही तेथे चढवायचे. किती खरवडायचे आणि किती चढवायचे ते मिलिमीटरमध्ये ठरते, आणि ठरवतात हाताची बोटे आणि अनुभवी डोळा. शेवटी भट्टीत मऊ केलेले प्लॅस्टिक या प्रतिकृतीवर चढवतात, थंड झाले की कापून सॉकेट काढतात.

चूक यातल्या प्रत्येक पायरीवर शिरू शकते. प्लास्टर ओले असताना माणसाने गुडघा हलवला तर साचा फसतो. खूण मोज्याबरोबर सरकली तर चढवायचे प्लास्टर भलत्याच जागी चढते. प्लॅस्टिक थंड होताना आकसते. ते घाईने साच्यावरून काढले तर वाकडे होते. आमच्या अशिलाच्या गुडघ्याबाहेरची जखम नेमकी त्या हाडाच्या गाठीवर होती. तेथे जागा सोडायला हवी होती, ती सुटली नव्हती. कार्यशाळेतल्या तंत्रज्ञांनी ते सॉकेट हातात घेतले, आत बोट फिरवले आणि अर्ध्या मिनिटात सांगितले. तो माणूस तो पाय घेऊन आठ महिने घरी बसला होता.

यंत्र आणले की हे संपेल, असे कोणाला वाटत असेल तर तेही तपासून पाहावे. अमेरिकेत संगणकावर आकार ठरवून मध्यवर्ती कारखान्यात सॉकेट बनवून घेण्याची पद्धत रुळल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी १० उत्पादकांकडून तीन-तीन आकारांची सॉकेटे मागवली आणि ती मूळ संगणकीय आराखड्याशी ताडून पाहिली. फक्त चार उत्पादकांची सॉकेटे घनफळात सातत्याने १.१ टक्क्याच्या आत निघाली. हा १.१ टक्का म्हणजे साधारण एका पातळ मोज्याचा थर. बाकीच्या सहांना ते जमले नाही.

२०१२ साली त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. किती चूक झाली की ती माणसाला बाधते? लोक रोज वापरत असलेल्या सॉकेटांच्या ३३ नकला कारखान्यांतून करून घेतल्या आणि त्या माणसांना घालून पाहिल्या. ३३ पैकी २३ मध्ये दुरुस्ती करावी लागणार होती. ज्या १३ सॉकेटांत सरासरी चूक पाव मिलिमीटरपेक्षा जास्त होती, त्यांतले एकही वापरण्यायोग्य ठरले नाही. पाव मिलिमीटर म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाची जाडी.

पैसा, यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे असलेल्या देशात हे घडते. हाताने केलेले सॉकेट याहून वाईटच असते, असे आमचे म्हणणे नाही. हाताने काम करणारा जाणता कारागीर माणसाला समोर बसवतो, पाय घालायला लावतो, चार पावले चालवतो, पाय काढून कातडीवरचा लालसरपणा पाहतो आणि पुन्हा कानस हातात घेतो. मुद्दा एवढाच आहे की पहिल्या फटक्यात बरोबर बसणारे सॉकेट जगात कोठेही गृहीत धरता येत नाही. चूक होणार, म्हणून दुरुस्ती हा कामाचाच भाग आहे. एका दिवसाच्या शिबिरात दुसरा दिवसच नसतो.

शिवाय पाय स्वतः बदलतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले वर्ष-दीड वर्ष उरलेला पाय आटत जातो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात. आज घट्ट बसलेले सॉकेट चार महिन्यांनी सैल होते. मग पाय आत खाली घसरतो, पाऊल उचलले की वर येतो आणि प्रत्येक पावलाला कातडी घासते. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय यांतही फरक पडतो. म्हणून वेगवेगळ्या जाडीचे मोजे द्यावे लागतात आणि कोणता कधी चढवायचा ते शिकवावे लागते. दीड वर्षात सॉकेट बहुधा नवेच करावे लागते. पाऊल तेच चालते, सॉकेट बदलते. एकदा पाय दिला की जबाबदारी संपली, ही समजूत शरीरशास्त्रालाच मान्य नाही. ज्यांच्या पायाला मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने संवेदना उरलेली नाही, त्यांना तर जखम झाल्याचेही कळत नाही. त्यांच्या बाबतीत चुकलेले सॉकेट म्हणजे पाय आणखी वर कापण्याची तयारीच.

येथे एका गोष्टीचा आदराने उल्लेख केला पाहिजे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात जयपूर फूट तयार झाले. अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या, उकिडवे आणि मांडी घालून बसणाऱ्या भारतीय माणसासाठी केलेले ते रबरी पाऊल. विलायती बूट घातलेला पाय आमच्या शेतमजुराच्या काय कामाचा होता? हे पाऊल घडवण्यात डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिराचा हात होता. ते फारसे शाळेत गेलेले नव्हते, लोक त्यांना मास्टरजी म्हणत. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. डॉक्टरांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण ज्या देशात डोक्याचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे हा संस्कार जातिव्यवस्थेने हाडीमासी भिनवला, तेथे कारागिराचे नाव दुसरे येते, हे आम्हाला नवीन नाही. सॉकेटची आबाळ होण्याचे एक कारण आम्हाला येथेच दिसते. सॉकेट म्हणजे प्लास्टरात माखलेल्या हातांचे काम. पाऊल एका नमुन्यावरून हजारो काढता येते आणि त्याचे उद्घाटन करता येते. सॉकेट प्रत्येकाचे वेगळे. त्याला वेळ लागतो, कुशल माणूस लागतो, त्या माणसाला पगार आणि कायम नोकरी द्यावी लागते.

आता कायद्याकडे वळू. शिबिरात मिळालेला पाय बसला नाही तर दाद कोठे मागायची? ग्राहक न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न येतो, पैसे दिले होते का? १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण जेथे सर्वांनाच सेवा फुकट मिळते ती जागा त्या कायद्याच्या बाहेर राहिली. म्हणजे फुकट पाय घेणारा ग्राहक नाही. मग तो कोण? याचक. दात्याला दोष देऊ नये, मिळाले ते डोक्याला लावून घ्यावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. दान देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला मिंधेपण, हा हिशेब आमच्या बापजाद्यांनी पुरेपूर भोगलेला आहे.

बाबासाहेबांचा मार्ग हा नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल १९४४ साली आला आणि पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या योजनेत विमाधारक कामगाराला कृत्रिम अवयव मिळतो तो वर्गणी भरलेल्या माणसाचा हक्क म्हणून. आमच्या अशिलाचे नाव मालकाने विम्यात घातलेच नव्हते, म्हणून त्यांना मांडवात बसावे लागले.

हक्काचा दुसरा आधार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम २४ नुसार, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना सहाय्यक साधने मोफत देण्याची योजना करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही पळवाट तेथे ठेवलेली आहे, हे आम्ही लपवत नाही. पण साधन याचा अर्थ काय? ज्याचा वापर करता येत नाही ते साधन कसे? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेच्या बाबतीत केवळ शिफारशी पुरेशा नाहीत, किमान मानके बंधनकारक हवीत. इमारतीच्या उताराला जे तत्त्व लागू आहे, ते माणसाच्या शरीराला जडवायच्या पायाला का लागू होऊ नये? आणि डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका अपघात दाव्यात त्याच न्यायालयाने कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, त्याची देखभाल करावी लागते हे मान्य करून त्यासाठी वेगळी रक्कम दिली. न्यायालयाला जे कळले ते वाटपाच्या योजनांना का कळू नये?

अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग आला. नाव बदलून सन्मान मिळतो असे सांगणाऱ्यांना आम्ही 'हरिजन' या शब्दाची आठवण देऊ. देवाचे नाव चिकटवले म्हणून गावाने पाणवठा खुला केला नव्हता. दिव्य अंग म्हणायचे आणि त्या अंगावर जखम करणारा पाय द्यायचा, ही तीच परंपरा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, सरकारी पैशातून दिलेल्या प्रत्येक पायाबरोबर मापांची लेखी नोंद आणि पाय बसवणाऱ्या नोंदणीकृत प्रोस्थेटिस्टचे नाव लाभार्थ्याच्या हाती द्यावे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने अशी नोंदणी आहेच. दुसरी, पहिल्या वर्षात किमान तीन वेळा तपासणी व दुरुस्ती मोफत व्हावी, तिचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, आणि गरज पडेल तेव्हा नवे सॉकेट मिळावे. तिसरी, वाटपाचा आकडा छापताना सहा महिन्यांनंतर वापरात असलेल्या पायांचा आकडाही जाहीर करावा.

सरकार करील तेव्हा करील. कार्यकर्त्यांनी आजच काय करावे? माहितीच्या अधिकारात जिल्ह्यातून दोनच प्रश्न विचारा, गेल्या पाच वर्षांत किती पाय दिले आणि त्यांतल्या किती लोकांना दुरुस्तीसाठी परत बोलावले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून मोजे आणि केंद्रापर्यंतचे भाडे मागा. उत्तर मिळाले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, चौकशीचा अधिकार त्यांना कायद्याने दिलेला आहे. आणि विहारात येणाऱ्या अशा बांधवाला विचारा, पाय काढल्यावर कातडीवर लाल डाग राहतो का? दहा मिनिटांत तो गेला नाही, तर तो दाब चुकीच्या जागी पडतो आहे. जखमेवर पट्टी बांधून तसेच चालायला सांगू नका, त्याला केंद्रात परत न्या.

विनयपिटकात एका आजारी भिक्षूची हकीकत आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडलेला होता आणि बाकीचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्या भिक्षूवर पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले की याची शुश्रूषा का झाली नाही, आणि सेवेचा नियम घालून दिला. आमच्या मते करुणेची रीत ती आहे. आधी त्या एका माणसापाशी बसायचे, आणि मग सर्वांसाठी नियम करायचा.

आमच्या अशिलाला पुन्हा साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज आम्ही दिला, तो मंजूर झाला. कार्यशाळेतल्या तंत्रज्ञांनीही साक्ष दिली. या वेळी पूर्ण वाक्य नोंदले गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. नवे सॉकेट बसायला मात्र चार खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे, आणि सोबत येणाऱ्या पत्नीची एक दिवसाची मजुरी. चौथ्या खेपेनंतर ते कुबडी न घेता आमच्या कार्यालयाचा जिना चढून आले आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "साहेब, हा माझा आहे."

त्या चार खेपा कोणत्याही छायाचित्राखालच्या आकड्यात नाहीत. कायद्याने मोजायच्या असतील तर त्याच मोजायला हव्यात.